थकलेल्या बॅटरीस साहाय्य

तिरुवैयारु येथे पौष वद्य पंचमीस त्यागराजांच्या आराधनेसाठी दूरदूरचे रसिक वाहनांनी येतात. अशा प्रवासात मोटारसायकलची बॅटरी उतरल्यास मोटारीच्या बॅटरीचे साहाय्य घेता येते. मात्र दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या व शिसे-आम्लाच्या असाव्यात. मोटारीचे एंजिन बंदच ठेवावे. तांबडी जाड तार प्रथम मोटारसायकलच्या, मग मोटारीच्या धनाग्रास जोडावी. काळी तार मोटारीच्या ऋणाग्रास जोडून तिचे दुसरे टोक शेवटी मोटारसायकलच्या सांगाड्यावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, लावावे. या क्रमास कारण आहे. शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू तिने पेटल्यास स्फोट होतो. एंजिन सुरू होताच तारा उलट क्रमाने काढाव्यात.