उत्प्रेरकाचे गणित

शेतात टाकलेल्या युरियातील नायट्रोजन मुळात हवेतूनच आलेला असतो. हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग नायट्रोजनचा असला, तरी पिकांना तो तसाच घेता येत नाही. कारण त्याच्या रेणूतील दोन अणूंना जोडणारा तिहेरी बंध अत्यंत बळकट असतो. कारखान्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर तो तुटतो, हायड्रोजनशी संयोग होऊन अमोनिया बनतो आणि त्यापासून युरिया तयार होतो. लोखंड स्वतः खर्ची पडत नाही, अभिक्रियेचा वेग मात्र वाढवते. म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात.

हा उत्प्रेरक गणिताने नव्हे, चिकाटीने सापडला. फ्रिट्झ हाबर यांच्या शोधानंतर जर्मनीत आल्विन मिट्टाश यांच्या गटाने सुमारे २,५०० पदार्थ पारखले. १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. (पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि हाच अमोनिया स्फोटकांच्याही कामी आला, हे विसरता येत नाही.)

लोखंडावर नेमके काय घडते, हे गेरहार्ट एर्टल यांनी उलगडले. त्यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नायट्रोजनचा रेणू पृष्ठभागाला चिकटतो, दुभंगतो आणि मग प्रत्येक सुट्या अणूला एकेक करून तीन हायड्रोजन जोडले जातात. यांत दुभंगण्याची पायरी सर्वांत संथ. रस्ता कितीही रुंद असो, वाहनांची गती अरुंद पूलच ठरवतो; तसेच हे.

गणिती प्रारूपात प्रत्येक पायरीचे एक समीकरण असते. पृष्ठभागावरील किती जागा कोणी व्यापल्या आहेत आणि पायरी ओलांडण्यास किती ऊर्जा लागते, हे त्यात मांडतात. ही ऊर्जा संगणक इलेक्ट्रॉनांच्या हिशेबावरून काढतो. खरी मेख इथेच आहे. वेग या ऊर्जेवर घातांकी रीतीने अवलंबून असल्याने, ४०० अंश सेल्सियसला मोलमागे केवळ १० किलोजूल चुकले, तरी वेग सुमारे सहापट चुकतो. २००५ मध्ये येन्स नॉर्स्कोव्ह व सहकाऱ्यांनी रुथेनियमवरील अमोनियानिर्मितीचा वेग असा काढला, तेव्हा प्रयोगाशी त्याचा फरक ३ ते २० पट आला. ऐकणाऱ्याला हसू येईल. जाणकाराला मात्र ते यश वाटले.

धातूंची तुलना करताना असा हिशेब विशेष उपयोगी पडतो. कोबाल्ट नायट्रोजनला फार सैल धरतो, मॉलिब्डेनम फार घट्ट. दोहोंच्या मिश्रणात ही पकड मध्यम होईल, हे हिशेबाने सुचवले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते मिश्रण खरोखरच प्रभावी ठरले.