इंधनाचा दाब अधूनमधून का घटतो?

उन्हाळ्यात टंचाईग्रस्त गावाला पाणी पुरविणारा जुना डिझेल टँकर चढावर एकाएकी बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. अशा वेळी महागडा इंधन पंप उघडण्याची घाई करू नये.

प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. तेवढ्याने इंजिन सुरळीत चालल्यास झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. नंतर फिल्टर व टाकीतील जाळी तपासावी. तरीही दोष राहिल्यास इंजिन बंद ठेवून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा व हातपंप चालवावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरत असल्याचा संभव असतो. इंजिन चालू असताना तेथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडा सांधाही निर्दोष समजू नये.

दुरुस्तीचे देयक मंजूर करण्यापूर्वी एवढी तपासणी झाल्याची खात्री केल्यास गावाचे पाणी व पैसा दोन्ही वाचतील.