माहेरवाशीण

सर्वांत मोठा मासा कोणता, असे विचारले तर पुष्कळ मुले देवमाशाचे नाव घेतील. परंतु देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा व पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. माशांमध्ये आकाराने पहिला मान व्हेल शार्कचा. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांना मुशी म्हणतात, त्या शार्क माशांच्या कुळातीलच हा एक होय. त्याची लांबी ४० फुटांहूनही अधिक भरते.

शार्क म्हटला की तीक्ष्ण दातांचा जबडा डोळ्यांपुढे उभा राहतो. व्हेल शार्कचा स्वभाव मात्र अगदी निराळा. आपले विशाल तोंड उघडून तो पाणी आत घेतो, त्यातील सूक्ष्म जीव व लहान मासळी गाळून घेतो आणि पाणी कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. एवढा हा महाकाय जीव, पण माणसाच्या वाटेस जात नाही. त्याच्या करड्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे ही नक्षीही प्रत्येकाची वेगळी असते.

गुजरातमधील सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, वेरावळ व मांगरोळच्या बाजूस, हे मासे दरवर्षी येतात. पूर्वी त्यांच्या यकृतातील तेल होड्यांच्या लाकडास लावण्यासाठी काढीत असत. पुढे १९९०च्या दशकात त्यांच्या मांसाला परदेशातून मागणी आली आणि शेकडो मासे मारले जाऊ लागले. मासा खोल पाण्यात जाऊ नये, म्हणून त्याला रिकामी पिंपे बांधीत. त्यावरून त्याचे नावच ‘बॅरल’ पडले. ज्या पिंपांनी त्याचा घात केला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जाई!

सन २००० मध्ये माईक पांडे यांनी एका माहितीपटातून ही हत्या जगापुढे आणली. २००१ मध्ये भारत सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, वाघाप्रमाणेच, या माशालाही संरक्षण दिले. परंतु अथांग समुद्रावर पहारा कोण ठेवणार? शिवाय, हा मासा चुकून जाळ्यात सापडला, तर त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागे. जाळे म्हणजे कोळ्याची भाकरी. ती आपल्या हातांनी कोण तोडील?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने गुजरातच्या वनखात्याच्या सहकार्याने लोकजागृतीस आरंभ केला. प्रसिद्ध रामकथाकार मोरारीबापू यांनी कोळी बांधवांना सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी आपली लेकच आहे. घरी आलेल्या लेकीवर कोणी हात उगारतो काय? माशाला नवे नाव मिळाले, ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. गावोगावी या लेकीची नाटके झाली. खऱ्या माशाएवढी फुगवलेली प्रतिकृती पाहण्यास मुलांची झुंबड उडे.

हा बोल कोळ्यांच्या मनाला भिडला. ज्या हातांनी पूर्वी मासा मारला, तेच हात आता जाळे कापून त्याला मोकळे करू लागले. त्यांचे नुकसान भरून देण्याची व्यवस्था सरकारने केली. सुटकेचे छायाचित्र घेता यावे म्हणून त्यांना कॅमेरेही देण्यात आले. आजवर ९००हून अधिक व्हेल शार्क अशा रीतीने समुद्रात परत गेले आहेत. महाराष्ट्रातही आता संरक्षित सागरी जीव सोडताना जाळे कापले गेल्यास कोळ्यांना भरपाई दिली जाते.

कायद्याने या माशाला संरक्षण दिले, भरपाईने कोळ्याचा संसार सावरला. पण जाळ्यावर सुरी चालविण्याचे बळ त्याला मायेने दिले. ज्या जिवाला आपण आपला मानतो, त्याचे रक्षण आपल्याला ओझे वाटत नाही.

स्वाध्याय
१. देवमासा व व्हेल शार्क यांतील फरक सांगा.
२. जाळे कापणे कोळ्यांना कठीण का वाटत होते?
३. ‘बॅरल’ आणि ‘व्हाली’ या नावांतून लोकांच्या मनातील कोणता पालट दिसतो?