हातचा ब्रश की विजेचा? हिरड्यांच्या दृष्टीने थोडा विचार

भांडवल आणि नफा यांतील भेद व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एका हंगामाचा नफा बुडाला तर तो पुढील हंगामात भरून काढता येतो. भांडवलच खाल्ले गेले तर पेढी बसते. मुखाच्या व्यवहारात हिरडी हे भांडवल होय. दातांवरचा थर रोज काढता येतो, सुजलेली हिरडीही उपचाराने पूर्ववत होते. परंतु दाताच्या मुळावरून एकदा मागे हटलेली हिरडी आपोआप परत येत नाही. विजेवर चालणारे ब्रश आता सुरतेच्या दुकानांतून सहज मिळू लागले आहेत, तेव्हा ते घ्यावेत की नाही हा प्रश्न आम्ही याच हिशेबाने पाहणार आहोत.

पूर्वी विलायती ब्रशांना बहुधा डुकराचे राठ केस लावलेले असत. आपल्या घरांतून अशी वस्तू वर्ज्य मानली गेली यात नवल नाही. 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचे ब्रश निघाले आणि ती अडचण दूर झाली. विजेचा ब्रशही वाटतो तितका नवा नाही. 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ तयार केला. तो घरातील विजेच्या प्रवाहावर चाले. 1961 साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुन्हा पुन्हा भारित होणारा, तारेवाचूनचा ब्रश काढला.

मुळात ब्रशाचे काम कोणते? 1965 साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करावयास लावले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवडाभरात तो ओसरला. दाहाचे कारण दातांवर बसणारा जिवाणूंचा थर होय, हे त्यावरून स्पष्ट झाले. हा थर मऊ असतो. त्याला काढण्यास बळाची आवश्यकता नाही; तो जेथे लपतो तेथे, म्हणजे दात आणि हिरडी यांच्या सांध्यात, ब्रशाचे टोक पोहोचले पाहिजे.

महिधरपुऱ्यातील आमच्या हिरेव्यापारी बंधूंना हे चटकन पटेल. घंटीवर हिरा घासताना कारागीर भार टाकून काम उरकू पाहील तर पैलूवर जळका डाग पडतो. हिऱ्याची ही गोष्ट, तर दाताची काय कथा! काठिण्याच्या मापावर हिरा 10 आणि दातावरचे कवच सुमारे 5. हिरडी हटल्यावर उघडे पडणारे मूळ तर त्याहूनही मऊ. असे असूनही ‘हार्ड’ ब्रश घेऊन भांडी घासावीत तसे दात आडवे घासणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बास यांनी सांगितलेली रीत अशी: मऊ ब्रश सुमारे 45 अंशांत हिरडीच्या कडेला टेकवावा आणि जागच्या जागी हलकेच हलवावा. या रीतीने दोन मिनिटे घासणाऱ्यास साधा ब्रश पुरेसा आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

मग विजेच्या ब्रशाचा लाभ कोणता? 2014 साली कॉक्रेन संस्थेने 56 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात साध्या ब्रशाच्या तुलनेत विजेच्या ब्रशाने पहिल्या एक ते तीन महिन्यांत थर 11 टक्क्यांनी कमी आढळला, तीन महिन्यांनंतर 21 टक्क्यांनी. हिरड्यांच्या दाहातील घट अनुक्रमे 6 व 11 टक्के. दुष्परिणाम थोडे, तात्पुरते व स्थानिक होते. मात्र या फरकाचे प्रत्यक्ष आरोग्यात किती मोल, हे त्या आढावाकारांनीही निश्चित सांगितलेले नाही. आणि ही बाजू जाहिरातीत सहसा येत नाही.

आमच्या मते ज्याचा हात नीट चालत नाही त्याने विजेचा ब्रश अवश्य घ्यावा. सांधेदुखीने बोटे आखडलेले वडीलधारे, दातांना तारा बसविलेली मुले, यांना तो खरोखर उपयोगी आहे. जोर देण्याची सवय ज्यांची सुटत नाही त्यांनी दाब वाढताच सूचना देणारा ब्रश पाहावा. तो दातावर नुसता टेकवावयाचा असतो. साध्या ब्रशासारखा घासू लागल्यास त्याचा हेतूच फसतो. खर्चाचा विचार करताना केवळ पहिली किंमत पाहू नये. दर तीन महिन्यांनी बदलावयाचे डोकेही खर्चात धरावे, आणि ते येथील बाजारात मिळते की नाही हे आधी विचारून घ्यावे.

बजर आणि मशेरी यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. 1992 साली भारत सरकारने दातांच्या पेस्ट व पावडरींत तंबाखू घालण्यास मनाई केली, तरी काही घरांतील स्त्रियांचा हा घासण्याचा परिपाठ सुटलेला नाही. तंबाखू हिरड्यांना अपाय करते आणि मुखाच्या कर्करोगाचे कारण होते. तेथे कोणता ब्रश, हा प्रश्न नंतरचा.

चौविहार पाळणाऱ्यांनी शेवटच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच, दात घासून घ्यावेत. पुढे काही खाणे नसल्याने रात्रभर दात स्वच्छ राहतात. घासताना रक्त दिसले म्हणून त्या जागी ब्रश फिरविणे सोडू नये; ते बहुधा दाहाचे लक्षण असते. मऊ ब्रशाने घासूनही पंधरवड्यात रक्त थांबले नाही तर दंतवैद्याकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी तर तितकीही वाट पाहू नये, कारण त्या विकारात हिरड्यांचा रोग लवकर बळावतो.