बारावा फोटो

पुणे, १५ ऑक्टोबर

चि. सई,


दिवाळी आटोपली की तुम्ही सगळे मालवणला निघणार आणि फोटोंचं खातं तुझ्याकडे, असं ताईनं फोनवर सांगितलं. तुझे महाबळेश्वरचे चारशे फोटो मी पाहिले, म्हणजे साठपर्यंत पाहिले. त्यात सगळे पॉइंट आहेत. माणसं मात्र बोटाच्या पेराएवढी.

हा दोष घराण्यातलाच. अण्णांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलवर फोटो बारा, त्यामुळे प्रत्येक फोटोला लग्नातल्यासारखी तयारी. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा तेव्हाचा नियम, म्हणून भर दुपारी आम्ही उन्हाकडे तोंड करून उभे. कळस पुरता यावा म्हणून अण्णा मागे मागे सरकत जायचे. गणपतीपुळ्याच्या त्या फोटोत देऊळ छान ओळखू येतं. खाली डोळे बारीक करून उभी असलेली सात माणसं कोण, यावर अजून वाद होतात.

पण अल्बम उघडला की सगळ्यांचं बोट जातं ते बाराव्या फोटोवर. रोल संपवून धुवायला टाकायचा म्हणून तो काढला होता. एसटी स्टँडच्या बाकावर तुझी पणजी बसली आहे, मांडीवर डबा, एका हातात दशमी, दुसऱ्या हाताच्या बोटानं तिच्यावर चटणी पसरते आहे. ती कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही.

तेव्हा सई, सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो हवा असेल तर तो कुठेही मिळेल. १६६४ पासून तो तिथेच आहे. होडीत चढताना आजी कुणाचा हात धरते, ते बघ. ‘स्माइल’ म्हणून ओरडू नकोस, आपल्याकडची माणसं ते ऐकलं की पासपोर्टचा चेहरा करतात. त्यांना काम करू दे, बोलू दे, नारळपाणी पिऊ दे. छोट्या ओमचे फोटो उभ्यानं काढलेस की नुसतं टाळकं येतं. वाळूत बस, फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आण.

किल्ल्यावर बहुतेक अकरा-बाराला पोचाल. त्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. दरवाजाच्या कमानीत आजीला सावलीत, पण उंबऱ्यापासून फार आत नाही, अशी उभी कर. तोंड बाहेरच्या उजेडाकडे. तू बाहेरून फोटो काढ. असा मऊ उजेड स्टुडिओवाले पैसे घेऊन देतात. आणि अण्णांचा नियम आता मोडायला हरकत नाही: सूर्य माणसांच्या पाठीशी ठेव, पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकव, फोन उजेड सांभाळून घेतो. फार पांढरं दिसलं तर तेच बोट खाली ओढ. काही फोनांत त्यासाठी वेगळी पट्टी असते, ती घरीच शोधून ठेव.

तारकर्लीला सूर्य बुडाला की लोक चपला झटकून निघतात. तू निघू नकोस. पुढची दहा-पंधरा मिनिटं चेहऱ्यांसाठी सगळ्यात चांगली. सकाळी लवकर गेलात आणि कोळी रापणीचं जाळं ओढताना दिसले तर आधी विचार, मग काढ, आणि दोराच्या वाटेत उभी राहू नकोस. ती माणसं पोटासाठी ओढत असतात.

जवळ जा म्हटलं, पण नाकाशी नको. फोनची नेहमीची लेन्स रुंद बघते. अगदी जवळून नाक फुगतं आणि ग्रुपच्या कडेला उभी राहिलेली आत्या ताणली जाते, मग घरी येऊन रुसते. चेहऱ्यासाठी २ एक्स लाव आणि दोन पावलं मागे ये. त्याच्या पुढे बोटांनी ताणत बसलीस तर बहुतेक फोनांत नुसती कापाकापीच होते. ग्रुप फोटोत कुणीतरी डोळे मिटतंच, म्हणून एकाच्या जागी पाच काढ.

आणि लेन्स पूस गं! चकली खाल्लेलं बोट तिच्यावर टेकलं की दिव्याभोवती धुकं येतं. समुद्रावर खारा वारा असतोच. जुन्या सुती रुमालाचा तुकडा खिशात ठेव.

परत आल्यावर चारशेतून बारा निवड. बाकीचे हवे तर ठेव, मला दाखवू नकोस. व्हॉट्सअॅपवर साधे पाठवलेस तर ते दाबून लहान होतात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठव. त्या बारांच्या प्रिंट काढून मी आजीला देईन. तिला फोनवर फोटो सरकवता येत नाहीत, दर वेळी कुणालातरी फोन लागतो. प्रिंटचे पैसे माझ्याकडे.

तुझा,
मामा