गुरांच्या पोटातला खिळा आणि केबिन बॅगेतलं यंत्र

सोयाबीन निघालं की वाशीम जिल्ह्यातल्या गोठ्यांत कुटाराचे ढीग लागतात आणि माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीची जनावरं येऊ लागतात. चारा टाकलेला, दूध आटलेलं, पाठीला बाक, पुढचे कोपर अंगापासून फाकवलेले. उतारावरून खाली यायला गाय तयार नसते, बसताना कण्हते. कुटारात आलेला तारेचा तुकडा किंवा खिळा तिने गिळलेला असतो. गाय चारा निवडून खात नाही, गिळून घेते आणि मग रवंथ करते. लोखंड जड, ते पोटाच्या एका कप्प्यात, जाळीपोटात, जाऊन बसतं. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त श्वासपटल. गाभण गाईच्या पोटावर दाब वाढला किंवा वितानाच तिने जोर केला की ती तार पुढे सरकते आणि थेट हृदयाच्या आवरणात घुसू शकते.

म्हणून गुरांच्या डॉक्टरजवळ मेटल डिटेक्टर असावा, असं माझं ठाम मत आहे. प्रशिक्षणाला, परिषदेला जातानाही मी तो सोबत नेतो, कारण इतर डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय त्याचा उपयोग पटत नाही. वाशीमहून नांदेडचा विमानतळ जवळ, पण सोयीची विमानं बहुधा नागपूरलाच मिळतात. शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि नागपूर गाठायचं. या प्रवासांत जे कळलं ते इथे लिहितो.

१. यंत्र हातातल्या बॅगेतच ठेवा.

चेक-इनला दिलेलं सामान पट्ट्यावरून, गाडीवरून आदळत जातं. डिटेक्टरच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्याचे सांधे बारीक झाळलेले असतात. एखादा सांधा हलला तरी यंत्र सुरू होतं, दिवा लागतो, पण आवाज भलत्याच वेळी येतो. बंद पडलेलं यंत्र परवडलं. चुकीचं सांगणारं यंत्र जनावराच्या जिवावर येतं. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीला हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर. हातात धरायचा डिटेक्टर यात आरामात मावतो. दांड्याचा मोठा डिटेक्टर असेल तर दांडे सुटे करून चेक-इनला द्या. तबकडी आणि पेटी मात्र जवळ ठेवा.

२. बॅटरी काढून ठेवा.

बॅगेत बटण दाबलं गेलं तर यंत्र चाव्यांवर, डब्यावर, कशावरही वाजू लागतं. माझ्या यंत्राला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला असल्याने नाण्याला किंवा किल्लीला टेकून ती तापू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावली की प्रश्न मिटला. लिथियमची सुटी बॅटरी मात्र चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, ती केबिनमध्येच न्यायची. हिशोब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. ३.७ व्होल्टची, ५ अँपिअर-अवरची बॅटरी झाली १८.५ वॉट-अवर. १०० पर्यंत अडचण नसते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

३. धारदार ते सगळं चेक-इनला.

पोटफुगीसाठी लागणारा ट्रोकार, स्कालपेल, कात्र्या, औषधाची गोळी घशात सोडायची बोलस गन यांतलं काहीच केबिनमध्ये नेऊ नका. बोलस गन तर एक्स-रेच्या पडद्यावर पाहणाऱ्याला नक्कीच दचकवेल. खरा विचार करावा लागतो तो चुंबकांचा. गाईला गिळवायचं अल्निको चुंबक बोटाएवढं असतं. ते जाळीपोटात जन्मभर राहतं आणि लोखंडाचे तुकडे स्वतःला चिकटवून धरतं. पण विमानात होकायंत्र असतं. हवाई मालवाहतुकीत चुंबकाचा परिणाम २.१ मीटर अंतरावर मोजतात आणि तो ठरलेल्या मर्यादेपुढे गेला तर माल धोकादायक वर्गात धरतात. एकदोन चुंबकांनी तेवढं होणार नाही, डबाभर चुंबकांचं सांगता येत नाही. मी चुंबकं रस्त्यानेच मागवतो.

४. विचारण्याआधी सांगा.

यंत्र बॅगेच्या तळाशी दडवलेलं असलं की पडद्यावर तारेचं वेटोळं आणि सर्किट दिसतं आणि बॅग बाजूला काढली जाते. लॅपटॉपसारखं तेही बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावं. सोबत खरेदीचं बिल, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं नोंदणीपत्र आणि गाईची तपासणी चाललेली आहे असा एक छापील फोटो. सगळ्या कागदांपेक्षा फोटो जास्त काम करतो.

नागपूरला सीआयएसएफच्या एका जवानाने माझं यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्याच्या दुसऱ्या हातात जवळपास तसंच यंत्र होतं. म्हणाला, ‘‘ये तो हमारे पास भी है. आपको किसलिए चाहिए?’’ मी जाळीपोटाचं सांगितलं. तो शेतकऱ्याच्या घरचा निघाला. घरची म्हैस चार दिवस खात नव्हती आणि पुढे दगावली, हे त्याने ट्रे पुढे सरकवता सरकवता सांगितलं. मागे रांग होती, नाहीतर मी तिथेच आणखी विचारलं असतं.

तरीही शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्याचा असतो. तो नाही म्हणाला तर वाद घालू नये. यंत्र फोमच्या डब्यात असेल तर ते चेक-इनला देण्याची वाट मोकळी राहते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवून निघावं.

५. उतरल्यावर आधी खिळ्यावर तपासा. कुटाराच्या पोत्याखाली एक खिळा ठेवायचा, वरून यंत्र फिरवायचं. नेहमीच्या अंतरावर वाजलं तरच गोठ्यात शिरायचं.

६. गाईच्या अंगावरचं आणि आजूबाजूचं लोखंड आधी काढा.

जुलै १८८१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात अडकलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्राहम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला, हे एक कारण सांगितलं जातं. आपल्या गोठ्यात साखळी असते, गळ्यात घंटी असते, खाली लोखंडी खुंटा असतो, बैलाच्या पायाला नाल असते. साखळी सोडून सुताचं दावं बांधा, घंटी काढा, जनावर खुंट्यापासून दूर न्या. मग डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागावर यंत्र सावकाश फिरवा. गाईला पूर्वी चुंबक दिलेलं आहे का हे मालकाला आठवत नसेल तर तिथेच साधं होकायंत्र धरा. आत चुंबक असेल तर काटा गर्रकन वळतो. हे पाहायला अख्खा वाडा गोळा होतो.

७. आवाज आला म्हणजे रोग ठरला नाही.

कितीतरी धडधाकट गाईंच्या पोटात खिळा असतो आणि तो काही करत नाही. यंत्र धातू आहे एवढंच सांगतं, तो टोचला आहे की नुसता पडून आहे हे सांगत नाही. ताप, नाडी, मानेच्या फुगलेल्या शिरा, पाठ दाबल्यावर येणारं कण्हणं, हे सगळं जुळलं तरच चुंबक की ऑपरेशन हा निर्णय. जे डॉक्टर नुसत्या आवाजावर पोट उघडायला निघतात, त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही.

८. ‘गुप्तधन’ या शब्दाला तिथल्या तिथे उत्तर द्या.

विमानतळावर जे समजावून सांगावं लागतं, तेच गावात दुसऱ्या कारणाने सांगावं लागतं. यंत्र बाहेर काढलं की कोणीतरी कडेला घेऊन विचारतंच, ‘‘डॉक्टरसाहेब, आमच्या वावरात एक जागा हाय, जरा फिरवून पाहता काय?’’ वाशीम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथलाच, तेव्हा जमिनीत काही असेल ही कल्पना लोकांनी हवेतून काढलेली नाही. पण गुप्तधनाच्या नादात माणसं मांत्रिकाच्या हाती लागतात, पैसा घालवतात, कधी त्याहून भयंकर घडतं. त्यासाठी राज्याने २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला.

मी सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगतो. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी-मूर्ती पुरावस्तू ठरतात, त्यांना १९७२चा वेगळा कायदा आहे. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीवाचून खणणं गुन्हा आहे. एवढं ऐकल्यावर बहुतेक जण मागे सरतात. जो सरत नाही, त्याला मी यंत्र घेऊन त्याच्याच कुटाराच्या ढिगाकडे नेतो. थ्रेशरजवळच्या ढिगात बहुतेक वेळा काहीतरी वाजतंच. बाइंडिंग वायर, खिळा, नाहीतर तुटलेला नट. ते मी त्याच्या हातावर ठेवतो आणि त्याच्या गाईच्या छातीवर बोट टेकवून दाखवतो, हे कुठे जाऊन बसेल ते.