बिलबेरी आणि दृष्टी : ख्याती व पुरावा

उत्तर युरोपातील जंगलांत जमिनीलगत वाढणाऱ्या बिलबेरी (व्हॅक्सिनियम मिर्टिलस) या झुडपाचे फळ, फिकट गराच्या अमेरिकी ब्लूबेरीप्रमाणे केवळ सालीवरच रंगीत नसून, आतपर्यंत गडद जांभळे असते. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असून आपल्याकडील जांभळालाही त्याच गटातील द्रव्ये रंग देतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना बिलबेरीच्या मुरंब्यामुळे अंधारात स्पष्ट दिसे, ही आख्यायिका कॅप्सूलच्या जाहिरातीत आजही हटकून येते. परंतु 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तरुणांना दररोज तीन वेळा 160 मिलिग्रॅम अर्क तीन आठवडे देऊनही त्यांच्या रात्रीच्या दृष्टीत फरक पडला नाही, आणि 2004 मधील समग्र आढाव्यातही काटेकोर चाचण्यांचा कौल प्रतिकूलच आढळला.

रक्तवाहिन्यांबाबतचा दावा तुलनेने संयत आहे. पायांचा जडपणा आणि त्वचेतील केशवाहिन्यांचा, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा, नाजूकपणा यांसाठी ताज्या फळाच्या अर्काचा वापर युरोपीय औषध संस्था मान्य करते. मात्र ही मान्यता दीर्घकालीन पारंपरिक वापरावर आधारलेली असून चाचण्यांनी सिद्ध झालेल्या गुणाची ग्वाही नव्हे, हा भेद वेष्टनावरील मजकुरात बहुधा हरवतो.

प्रस्तुत लेखकाच्या निकटच्या एका मधुमेही वृद्धाने अंधुक दिसू लागल्यावर नेत्रतपासणी लांबवून या कॅप्सूलवर भिस्त ठेवली, आणि अखेर तपासणी झाली तेव्हा दृष्टिपटलातील वाहिन्यांमधून रक्तस्राव सुरू झालेला होता. अपाय कॅप्सूलने नव्हे, दवडलेल्या वेळाने केला. म्हणून मधुमेहींनी, दृष्टी ठीक वाटत असली तरी, बाहुली विस्फारून होणारी दृष्टिपटलाची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, सामान्यतः दरवर्षी, करून घ्यावी. वॉरफेरिन, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी रक्तस्रावाचा संभाव्य धोका ध्यानात घेऊन हा अर्क डॉक्टरांना सांगूनच घ्यावा आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा उल्लेख आवर्जून करावा. बाजारातील महागड्या अर्कात स्वस्त कृत्रिम रंगाची भेसळ आढळलेली असल्याने नुसत्या गडद रंगावर विसंबू नये. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले, प्रकाशाचे लखलखाट दिसले किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर कोणताही अर्क घेत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.